मुक्कामाची उंची

कुंडलिकेच्या एका काठाला रोहा आणि दुसऱ्या काठाला अष्टमी. नगरपरिषद दोघांची मिळून एकच, आणि जमिनीची उंचीही जवळपास सारखीच, समुद्रसपाटीपासून जेमतेम काही मीटर. इथल्या पोरांची डोंगराशी पहिली ओळख होते ती अवचितगडावर. मेढ्याहून किंवा पिंगळसईहून झाडीतली वाट धरायची, घाम गाळत माथा गाठायचा, पाण्याची टाकी आणि तो बारा कोनांचा तलाव बघायचा आणि दुपारच्या जेवणाला घरी. हा गड तीनशे मीटरच्या आसपास. त्यानंतर सुरगड होतो, घोसाळगड होतो, तळगड होतो. हौस वाढली की रायगडाची वारी, आणि आणखी वाढली की कळसूबाई. कळसूबाईचा माथा 1646 मीटर. महाराष्ट्रात याहून उंच जागा नाही. उंचीचा आजार साधारणपणे 2500 मीटरच्या पुढे गाठतो. याचा सरळ अर्थ असा की सह्याद्रीत कुणी आयुष्यभर भटकला तरी विरळ हवेत आपले शरीर कसे वागते हे त्याला एकदाही कळत नाही. त्याच्या मांड्या, गुडघे, छाती आणि हिंमत तयार होते, पण ज्या गोष्टीची परीक्षा अन्नपूर्णेच्या किंवा एव्हरेस्टच्या पायथ्याशी होते, तिची साधी तोंडओळखही इथे होण्याची सोय नाही.

आणि तरीही दरवर्षी नेपाळकडे बॅचच्या बॅच निघतात. दिवाळीची सुट्टी आणि नेपाळमधला ट्रेकिंगचा उत्तम हंगाम हे दोन्ही ऑक्टोबर-नोव्हेंबरात एकत्र येतात. पाऊस सरलेला, आकाश स्वच्छ, डोंगर उघडे. पूर्वी बेस कॅम्प हा शब्द गिर्यारोहणाच्या पुस्तकांत भेटायचा, आता तो व्हॉट्सअॅपवरच्या जाहिरातीत भेटतो, खाली तारखा आणि माणशी रक्कम लिहिलेली असते. याला माझी हरकत नाही, उलट मला ते चांगलेच वाटते. जगातला सर्वांत भव्य भूभाग आपल्यापासून दोन दिवसांच्या प्रवासावर आहे आणि तो बघायला दोर-कुऱ्हाड लागत नाही, दोन पाय पुरतात. हरकत आहे ती त्या जाहिरातीतल्या दिवसांच्या आकड्याला. या लेखात मला एकच गोष्ट मांडायची आहे. बेस कॅम्पच्या ट्रेकमधला जो धोका टाळता येण्याजोगा आहे, त्याचा फार मोठा भाग डोंगरात नसून वेळापत्रकात असतो, आणि ते वेळापत्रक पैसे भरण्याआधी, घरी बसून, कागदावर तपासता येते.

अन्नपूर्णेचेच उदाहरण घेऊ, कारण धोकादायक शिखर म्हणून तिच्याइतके नाव क्वचितच दुसऱ्या कुणाचे असेल. उंची 8091 मीटर, क्रमाने जगात दहावी. आठ हजार मीटरांवरच्या शिखरांपैकी माणसाने सर्वांत आधी सर केले ते हेच. 3 जून 1950 रोजी मोरिस हेर्झोग आणि लुई लाशनाल माथ्यावर पोचले. पण त्या फ्रेंच मोहिमेची सुरुवात चुकीच्या नकाशांनी झाली होती. डोंगराकडे जायची वाट शोधण्यातच कितीतरी आठवडे गेले आणि पावसाळा तोंडावर आला. शेवटची चढाई त्यामुळे घाईत उरकावी लागली. हिमदंशाने हेर्झोगला हातापायांची बोटे गमवावी लागली, लाशनालला पायांची. पुढच्या दशकांत या शिखराने इतके बळी घेतले की यशस्वी चढायांशी मृत्यूंचे प्रमाण काढले, तर अन्नपूर्णा दीर्घकाळ सगळ्यांच्या वर राहिली. 1970 साली ख्रिस बॉनिंग्टन यांच्या ब्रिटिश मोहिमेने तिची दक्षिण भिंत चढली. आज ट्रेकर ज्या बेस कॅम्पवर उभे राहून फोटो काढतात, त्याच्या समोरची हीच ती भिंत. डॉन विलान्स आणि डुगल हॅस्टन माथ्यावर पोचले, पण मोहीम आवरून खाली उतरताना इयान क्लफ बर्फाचा कडा कोसळून गेला. कठीण भाग मागे टाकून झाला होता, घरी परतायचे तेवढे उरले होते. 1997 च्या नाताळात याच डोंगरावर हिमस्खलनात गेलेल्या अनातोली बुक्रीव्हचे स्मारकही बेस कॅम्पवर आहे.

मराठी माणसाचे या डोंगराशी नाते आहे. 16 एप्रिल 2021 रोजी पुण्याच्या गिरिप्रेमी संस्थेचे भूषण हर्षे, डॉ. सुमित मांदळे आणि जितेंद्र गवारे अन्नपूर्णेच्या माथ्यावर उभे राहिले. मोहिमेचे नेते होते उमेश झिरपे. त्याच दिवशी साताऱ्याच्या प्रियांका मोहिते यांनीही हे शिखर गाठले. त्याआधी गिरिप्रेमीने 2012 साली एव्हरेस्ट आणि 2019 साली कांचनजुंगा सर केले होते. आणखी मागे, मे 1998 मध्ये, सुरेंद्र चव्हाण एव्हरेस्टवर पोचले तेव्हा सर्वसामान्य मराठी घरांत ही नावे पहिल्यांदा बोलली जाऊ लागली. बेस कॅम्पची आजची ओढ बरीचशी या मोहिमांनी पेरलेली आहे, आणि ते त्यांचे मोठे देणे आहे. पण या माणसांनी डोंगर कसा चढला ते नीट पाहायला हवे. मोठ्या शिखराची मोहीम म्हणजे आठवडेच्या आठवडे. बेस कॅम्पला पोचल्यावरही थेट वर जायचे नसते. एका कॅम्पपर्यंत चढायचे, खाली येऊन झोपायचे, पुन्हा चढायचे, त्याहून थोडे वर जायचे, पुन्हा खाली. जगातले सर्वांत कसलेले गिर्यारोहक ज्या उंचीला इतके दबून वागतात, तिथे आपण रजेच्या अर्जावरच्या तारखा घेऊन जातो. गिर्यारोहकांकडून आपण ठिकाण उचलले, त्यांचा संथपणा मात्र मागे राहिला.

हा संथपणा का लागतो, हे शरीराच्या बाजूने समजून घेतले की बाकीचे मुद्दे सोपे होतात. हवेतले प्राणवायूचे प्रमाण वर गेल्यावरही तेच राहते, कमी होतो तो हवेचा दाब. अन्नपूर्णा बेस कॅम्पवर, म्हणजे 4130 मीटरवर, तो अष्टमीच्या साधारण साठ टक्के असतो. एव्हरेस्ट बेस कॅम्पवर, 5364 मीटरवर, जवळपास निम्माच. त्यामुळे प्रत्येक श्वासात रक्तापर्यंत पोचणारा प्राणवायू घटतो. शरीर आधी श्वास वाढवते. पण श्वास वाढला की कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर जातो, रक्त अल्कधर्मी होते आणि मेंदू श्वासाला पुन्हा आवर घालतो. ही ओढाताण मिटवायचे काम मूत्रपिंडांचे असते. जादा क्षार ती लघवीवाटे बाहेर टाकतात, आणि या कामाला दिवस लागतात. तांबड्या पेशी वाढायला तर आठवडे लागतात. यातले काहीही इच्छाशक्तीने लवकर होत नाही. कोलाडला राफ्टिंग करणाऱ्यांना हे चटकन समजेल. भिऱ्याच्या वीजघरातून पाणी सुटल्याशिवाय कुंडलिकेत राफ्ट चालत नाही. वल्हवणारा कितीही तगडा असो, काठावर थांबावेच लागते. शरीरातले पाणीही त्याच्या वेळेलाच सुटते. ते सुटण्याआधी वर गेलेल्या माणसाचे डोके दुखू लागते, भूक मरते, मळमळते, झोप लागत नाही. इथे थांबला तर बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत उतार पडतो. तरीही वर गेला तर फुप्फुसात पाणी भरू शकते किंवा मेंदूला सूज येऊ शकते, आणि या दोन्हींनी माणूस काही तासांत दगावू शकतो.

याचे पुरावे जुने आहेत आणि त्यातला एक मोठा पुरावा आपल्याच देशातला आहे. 1962 च्या चीन युद्धात सपाटीवरच्या हजारो जवानांना काही दिवसांत अकरा हजार ते अठरा हजार फुटांवर नेऊन उभे केले गेले. लष्करी डॉक्टर इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांतल्या 1925 रुग्णांचा अभ्यास 1969 साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये प्रसिद्ध केला. उंचीच्या आजारावरचा तो आजही आधारभूत मानला जातो. हे रुग्ण म्हणजे निवडून घेतलेले, कवायतीत तयार झालेले तरुण होते, हे लक्षात ठेवले पाहिजे. दुसरा पुरावा एव्हरेस्टच्या वाटेवरचा. फेरिचे या 4243 मीटरवरच्या गावी पीटर हॅकेट आणि सहकाऱ्यांनी 278 ट्रेकर्सना तपासले आणि निष्कर्ष 1976 साली लॅन्सेटमध्ये छापले. 53 टक्के लोकांना उंचीचा आजार झालेला होता. विमानाने लुक्लाला उतरून चालू लागलेल्यांत तो खालून चालत आलेल्यांपेक्षा जास्त आढळला, भरभर चढलेल्यांत जास्त, वाटेत कमी मुक्काम केलेल्यांत जास्त. आणि तरुणांत जास्त. हा शेवटचा मुद्दा प्रत्येक ट्रेकिंग ग्रुपच्या भिंतीवर लावावा अशा योग्यतेचा आहे.

तिसरा पुरावा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण तो थेट आपल्या बॅच पद्धतीवर बोट ठेवतो. काठमांडूत वर्षानुवर्षे प्रवाशांवर उपचार केलेले डॉ. डेव्हिड श्लिम यांनी 1987 ते 1991 या काळात नेपाळमध्ये मरण पावलेल्या ट्रेकर्सचा अभ्यास केला. एकूण ट्रेकर्समध्ये संघटित गटांतून आलेल्यांचा वाटा निम्म्याहून कमी होता. पण उंचीच्या आजाराने गेलेल्यांपैकी बहुतेक जण अशा गटांतलेच होते. वरवर पाहता हे उलटे वाटते. गटाबरोबर नेता असतो, औषधे असतात, सोबत असते, मग एकट्यादुकट्यापेक्षा गट सुरक्षित असायला हवा. पण एकटा माणूस डोके दुखले तर त्याच लॉजमध्ये आणखी एक रात्र काढतो. कुणाला विचारायचे नसते, पुढची खोली आरक्षित नसते, परतीचा ताफा अडत नाही. गटातला माणूस मात्र सकाळी उठून बघतो की अठरा जण सॅक भरून तयार आहेत. आपल्यामुळे सगळ्यांचा खोळंबा नको, लीडर खाली पाठवेल, घरी सांगितले आहे, पैसे भरले आहेत, असे सगळे एकदम मनात येते आणि तो रात्री झालेल्या उलटीबद्दल अवाक्षर न काढता चालू लागतो. आपल्याकडे या गोष्टीला जिद्द म्हणतात. त्या उंचीवर तिच्यासारखी घातक गोष्ट नाही.

आता कागद समोर घेऊ. अन्नपूर्णा बेस कॅम्पच्या वाटेवर छोमरोंग साधारण 2170 मीटर, बांबू 2310, दोभान 2600, हिमालय नावाचा मुक्काम 2900, देउराली 3200, मच्छपुच्छ्रे बेस कॅम्प 3700 आणि शेवटी 4130. पर्वतीय वैद्यकातला सर्वमान्य नियम असा की तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची उंची एका दिवसात पाचशे मीटरांहून जास्त वाढवू नये, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस उंची अजिबात वाढवू नये. दिवसा कितीही वर जाऊन या, हिशोब धरायचा तो रात्रीच्या मुक्कामाचा. या नियमाने देउरालीनंतर एक रात्र मच्छपुच्छ्रे बेस कॅम्पला काढायला हवी. अनेक जाहिरातींत मात्र देउरालीहून थेट अन्नपूर्णा बेस कॅम्प असतो. एका दिवसात मुक्काम 930 मीटरने वर, नियमाच्या जवळपास दुप्पट. अंतर थोडे आहे, चढ दमवणारा नाही, दुपारी माणूस हसतखेळत पोचतो. त्रास सुरू होतो तो रात्री, कारण झोपेत श्वास मंदावतो. यात रस्त्यांनी आणखी भर घातली आहे. पूर्वी नयापुलहून पायी चढत घांद्रुक गाठावे लागे, आता जीप तिथपर्यंत जाते. अन्नपूर्णा परिक्रमेच्या वाटेवर तर बेसीसहर या आठशे मीटरांखालच्या गावातून जीप साडेतीन हजार मीटरवरच्या मनांगपर्यंत चढते. रस्ता झाला हे तिथल्या माणसांच्या दृष्टीने उत्तमच झाले. बाळंतपणासाठी बाई वेळेत दवाखान्यात पोचते, मुलांच्या शाळेची सोय होते. पण ट्रेकरच्या बाबतीत त्या रस्त्याने नेमके तेच दिवस खाल्ले, ज्या दिवसांत शरीर तयार होत होते.

यावर पहिला आक्षेप आपल्या गडकऱ्यांकडूनच येतो. आम्ही पावसात लिंगाणा बघितलाय, रात्री हरिश्चंद्रगड चढलोय, आम्हाला पाचशे-हजार मीटरचे काय? तयारीचा फायदा होतो यात शंका नाही. दमलेला माणूस घसरतो, थंडीने लवकर गारठतो, चुकीचे निर्णय घेतो. नियमित चालणारा यातून वाचतो. पण उंचीच्या आजारापासून व्यायाम संरक्षण देत नाही, हे वर दिलेल्या जवानांच्या आणि तरुणांच्या अनुभवावरून स्पष्ट आहे. उलट तयार माणूस भरभर चढतो आणि लवकर संकटात सापडतो. कुणाला उंची बाधेल हे बरेचसे जन्मजात ठेवणीवर असते आणि पहिल्यांदा वर गेल्याशिवाय ते कळत नाही. अष्टमीसारख्या खाडीकाठच्या गावातून पहिल्यांदाच जाणाऱ्याने आपण उंची बाधणाऱ्यांपैकीच आहोत असे धरून चालावे, हेच शहाणपणाचे.

दुसरा आक्षेप गोळीचा. डायमॉक्स घेतली की झाले, असे सर्रास सांगितले जाते. ही गोळी चांगली आहे. मूत्रपिंडे जे काम दिवसांत करतात त्याला ती वेग देते, म्हणून श्वास खोल राहतो. ती केवळ लक्षणे झाकते हा समज चुकीचा आहे. पण हॅकेट यांच्या त्याच अभ्यासात एक बोलकी गोष्ट आढळली होती. विमानाने आलेल्यांना गोळीचा फायदा झाला, खालून चालत आलेल्यांत मात्र गोळी घेणारे आणि न घेणारे यांच्यात फरक दिसला नाही. गोळीचे काम चालण्याच्या दिवसांनी आधीच केले होते. ज्याला दिवस वाढवणे खरोखर शक्य नाही त्याने डॉक्टरांना विचारून, सल्फा औषधांची अॅलर्जी नाही ना ते पाहून, ती जरूर घ्यावी. पण ती खिशात आहे म्हणून एक मुक्काम कापणे हा उलटा व्यवहार झाला. तसेच ऑक्सिमीटरचे. कोविडनंतर तो घरोघरी आहे आणि आता सॅकमधूनही जातो. चार हजार मीटरवर ऐंशीच्या घरातला आकडा नेहमीचा असतो, त्याने घाबरायचे कारण नाही, आणि नव्वद आला म्हणून डोकेदुखीकडे काणाडोळा करायचेही कारण नाही. यंत्रापेक्षा खात्रीची एक जुनी चाचणी आहे. जमिनीवर सरळ रेष धरायची आणि पुढच्या पायाची टाच मागच्या पायाच्या बोटांना टेकवत दहा-बारा पावले चालायला सांगायचे. तोल जाऊन पाऊल बाजूला पडले, दारू प्यायल्यासारखा माणूस झुलला, तर मेंदूला सूज असण्याची शक्यता धरायची आणि रात्र असली तरी त्याला त्याच क्षणी, सोबत देऊन, खाली उतरवायचे. बसल्या जागी धाप लागत असेल, खोकल्यात घरघर असेल, तरीही तेच.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो प्रामाणिकपणे मान्य केला पाहिजे. हजारो लोक दरवर्षी बेस कॅम्पला जातात आणि सुखरूप परततात. मग हा बाऊ कशाला? खरे आहे. श्लिम यांच्याच अभ्यासात मृत्यूचे प्रमाण लाखामागे चौदा-पंधरा इतके होते, आणि त्यातही पडझड आणि इतर आजार वगळले तर उंचीने गेलेले त्याहून कमी. बेस कॅम्पची वाट ही मृत्यूची वाट आहे असे कुणी म्हणत असेल तर ते चूक आहे. देउरालीहून थेट वर गेलेलेही बहुतेक जण एक वाईट रात्र काढून सकाळी सूर्योदय बघतात आणि बांबूपर्यंत उतरून बरे होतात. पण उंचीने होणारा मृत्यू आणि दरड कोसळून होणारा मृत्यू यांत एक मूलभूत फरक आहे. उंचीच्या आजारात शरीर आधी सूचना देते, बहुतेक वेळा तासन् तास, कधी दिवसभर. उपायही सर्वांना ठाऊक आहे. थांबा, नाहीतर उतरा. त्यासाठी लागतो तो फक्त वेळ, आणि तो नसतो कारण कुणीतरी तो विकताना कापलेला असतो. जो मृत्यू जवळपास पूर्णपणे टाळता येतो, तो क्वचित येतो म्हणून त्याची चिंता करू नये, हा युक्तिवाद मला पटत नाही. शिवाय ती एक वाईट रात्र तरी का काढायची? ज्या दृश्यासाठी वर्षभर पैसे साठवले, ते डोके धरून, ओकाऱ्या काढत बघण्यात काय मिळाले?

मग हेलिकॉप्टर आहेच, असे काहीजण म्हणतात. आहे, आणि त्याने अनेकांचे प्राण वाचले आहेत. पण ते दिवसा उडते आणि स्वच्छ हवेत उडते. फुप्फुसात पाणी भरायची वेळ बहुधा रात्रीची असते. ढग उतरले तर दोन-दोन दिवस वाट पाहावी लागते. विम्याच्या पैशांसाठी गरज नसताना ट्रेकर्सना हेलिकॉप्टरने उतरवण्याचे प्रकार नेपाळमध्ये इतके वाढले होते की 2018 साली तिथल्या सरकारला चौकशी करावी लागली. दुसरीकडे, पोर्टरला मात्र अशी सोय सहज मिळत नाही. त्याच्या पाठीवर आपले ओझे असते, अंगावर पुरेसे गरम कपडे असतातच असे नाही, आणि तोही अनेकदा खालच्या टेकड्यांवरच्या गावातला, उंचीला न सरावलेला असतो. आपण घाई करतो तेव्हा त्यालाही घाई करावी लागते, आणि डोके दुखते म्हणून थांबलो तर रोज बुडेल ही भीती त्याला आपल्याहून जास्त असते.

राखीव दिवसांचा आणखी एक उपयोग आहे, आणि तो उंचीइतकाच मोलाचा आहे. हिमालय मुक्काम ते देउरालीच्या वरपर्यंतचा पट्टा हिमस्खलनाचा. वरचे बर्फ वाटेवरून दिसतही नाही, ते हिउंचुलीच्या अंगावरून सुटून थेट नाळेत उतरते. 17 जानेवारी 2020 रोजी याच भागात चार दक्षिण कोरियन ट्रेकर्स आणि तीन नेपाळी माणसे बर्फाखाली गेली. ताजे बर्फ पडल्यावर तिथले लोक थांबतात, पहाटे लवकर हा पट्टा ओलांडतात किंवा मोदी नदीच्या पलीकडची वाट धरतात. ज्याच्याकडे एकही मोकळा दिवस नाही तो त्यांचे ऐकून घेतो आणि तरीही निघतो. ऑक्टोबर 2014 मध्ये तर संकट समुद्राकडून आले. 12 तारखेला हुडहुड चक्रीवादळ विशाखापट्टणमला धडकले. त्याचे अवशेष उत्तरेला सरकत 14 तारखेला अन्नपूर्णा-धौलागिरी भागात पोचले आणि ऐन हंगामात, जेव्हा आकाश निरभ्र असायचे, तेव्हा थोरोंग खिंडीवर बर्फाचे तांडव झाले. त्या परिसरात 43 जणांचा मृत्यू झाला. त्यात ट्रेकर होते, मार्गदर्शक होते, पोर्टर होते, गुराखी होते, भारतीयही होते. 3 जून 2020 चे निसर्ग चक्रीवादळ ज्यांनी रायगड जिल्ह्यात अनुभवले, त्यांना वादळ म्हणजे काय हे सांगायला नको. आपण दोन दिवस आधी होड्या ओढून घेतो, कौले बांधतो, जनावरे आत घेतो आणि दार लावून बसतो. डोंगरातही उपाय तोच, खालच्या लॉजमध्ये दार लावून बसणे. त्यासाठी बसायला दिवस हवेत.

उरला तो सर्वांत खरा आक्षेप, रजेचा आणि पैशांचा. धाटाव एमआयडीसीत पाळीवर काम करणाऱ्या माणसाला पंधरा दिवसांची रजा कोण देणार? दुकान असेल तर दिवाळीनंतर लगेच इतके दिवस बंद कसे ठेवणार? हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पण हिशोब मांडून पाहा. रोह्याहून मुंबई, तिथून रेल्वेने गोरखपूर, सुनौलीची सीमा ओलांडून पोखरा. नाहीतर विमानाने काठमांडू आणि पुढे बसने. कसेही गेले तरी जाता-येता तीन-चार दिवस प्रवासात जातात. दहा दिवसांच्या रजेत डोंगराला सहा मिळतात. जाहिरातीतले दहा दिवस मात्र ऐकायला भरघोस वाटतात. सहा दिवसांत निरोगीपणे करता येण्यासारखे खूप आहे. घांद्रुक, घोरेपाणी, 3210 मीटरचा पूनहिल. तिथून अन्नपूर्णा आणि धौलागिरी एकत्र दिसतात, आणि तो नजारा बेस कॅम्पहून कमी आहे असे मला वाटत नाही. ज्याला बेस कॅम्पच हवा, त्याने एक वर्ष थांबून रजा साठवावी. नाव मोठे आणि दिवस थोडे, हा सौदा टाळावा. आयोजकांचे म्हणणे असते की दिवस वाढवले की दर वाढतो आणि ग्राहक शेजारच्या स्वस्त बॅचकडे जातो. यात तथ्य आहे, आणि म्हणूनच जबाबदारी एकट्या आयोजकावर टाकून भागणार नाही. महाराष्ट्र शासनाने 2021 साली साहसी पर्यटनाचे धोरण आणले, पण ते राज्यात चालणाऱ्या उपक्रमांसाठी आहे. नेपाळच्या दरीत बॅच किती वेगाने चढते यावर इथल्या कुणाचा अंकुश नाही. तो ठेवू शकतो फक्त पैसे भरणारा.

तेव्हा यंदा किंवा पुढच्या हंगामात कुणी जाणार असाल, तर पहिला हप्ता देण्याआधी आयोजकाकडे एक कागद मागा. त्यावर रोजच्या मुक्कामाचे गाव आणि त्या गावाची उंची मीटरमध्ये लिहिलेली हवी. तीन हजारांच्या पुढे सलग दोन रात्रींमधला फरक स्वतः वजाबाकी करून बघा. राखीव दिवस किती, ते विचारा. एखाद्याला खाली न्यायची वेळ आली तर त्याच्याबरोबर जायला दुसरा मार्गदर्शक आहे का, विचारा. पोर्टरच्या विम्याचे आणि कपड्यांचे विचारा. बरोबर जाणाऱ्यांशी निघण्याआधीच बोलून ठेवा की डोके दुखले तर सांगायचे, आणि कुणी सांगितले तर त्याला हसायचे नाही. चांगला आयोजक या प्रश्नांनी चिडत नाही, त्याची उत्तरे तयार असतात. आणि ज्या कागदावर मुक्कामाची उंचीच लिहिलेली नसेल, त्या बॅचचे पैसे भरू नका.